मुक्तस्रोत की विकतचे? दवाखान्याच्या टेबलावरून एक तुलना

स्मरणिकेसाठी बालरोगतज्ज्ञाने लिहावयाचे म्हटले की लसीकरण, आहार, नाहीतर परीक्षेचा ताण हे विषय आपोआप पुढे येतात. या वर्षी संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी जरा आडवाट धरीत आहे. आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर आता स्टेथोस्कोपच्या शेजारी संगणक असतो. त्यावरचे सॉफ्टवेअर कोणते असावे, पैसे देऊन घेतलेले की मुक्तस्रोत, हा प्रश्न आपल्या मासिक सभांनंतर चहाच्या वेळी अनेकदा निघतो आणि बहुधा हसण्यावारी जातो. मी संगणकतज्ज्ञ नाही. परंतु गेली अकरा-बारा वर्षे वडोदऱ्यातील माझ्या दवाखान्यात दोन्ही प्रकारचे संगणक शेजारी शेजारी चालत आले आहेत, आणि त्यांच्याशी रोज झगडणारा मनुष्य या नात्याने काही निरीक्षणे मांडण्याचे धाडस करतो.

आरंभ मात्र एका मुलीपासून केला पाहिजे, कारण तिच्यामुळेच मी या विषयाकडे वळलो.

२००२ साली मी दवाखान्यासाठी एक सॉफ्टवेअर विकत घेतले. ते तयार करणारी छोटी कंपनी आज अस्तित्वात नाही. सीडीसोबत संगणकाच्या मागे लावावयाचे बोटभर लांबीचे एक ‘कुलूप’ मिळाले होते. ते लावलेले असेल तरच प्रोग्रॅम उघडे. काम मात्र देखणे होते. बाळाचे वजन, उंची, डोक्याचा घेर भरला की रंगीत आलेख निघे, आणि आईवडील तो कौतुकाने पाहात. अकरा वर्षे सुखात गेली. २०१३ च्या पावसाळ्यात विजेचा दाब अचानक वाढला आणि ते कुलूप जळाले. कंपनीचा फोन लागेना. पत्त्यावर गेलो तर तिथे दुसरेच बिऱ्हाड. माझी सर्व माहिती हार्ड डिस्कवर शाबूत होती, तिच्या दोन प्रतीही कपाटात होत्या. पण ती ज्या सांकेतिक स्वरूपात साठवलेली होती ते त्या एका प्रोग्रॅमखेरीज कोणालाच वाचता येत नव्हते. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने महिनाभर खटपट करून नावे, जन्मतारखा आणि भेटीचे दिवस काढून दिले. वजने, उंच्या आणि माझी टिपणे निघाली नाहीत ती नाहीतच.

पुढच्या वर्षी दहा वर्षांची एक मुलगी आली. जन्मापासून माझ्याकडेच येणारी. उंची तिसऱ्या शतमान रेषेच्या बरीच खाली. थायरॉइड, सिलिॲकच्या तपासण्या, गुणसूत्रांची चाचणी, सर्व ठीक निघाले. अंतःस्रावतज्ज्ञ मित्राने साहजिकच पहिला प्रश्न विचारला, ‘‘वाढीचा वेग काय आहे? मागच्या उंच्या पाठव.’’ आपण जाणतोच की एका दिवसाच्या उंचीवरून फारसे कळत नाही. वर्षाला किती सेंटिमीटर, हे कळावे लागते. आईला विचारले तर ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे म्हणून जुनं कार्ड मी ठेवलंच नाही.’’ अखेर सहा महिने थांबून नव्याने उंची मोजावी लागली. वाढीच्या हार्मोनची कमतरता निघाली, उपचार सुरू झाले, मुलगी वाढली. त्या सहा महिन्यांनी तिचे किती नुकसान झाले हे मला सांगता येणार नाही. पण तिची सहा-सात वर्षांची मोजमापे माझ्याच कपाटात कुलूपबंद पडलेली होती, ही गोष्ट मी विसरू शकलेलो नाही.

मुक्त आणि फुकट

इंग्रजीत या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तेथे या विषयावर पुष्कळ गोंधळ झाला आहे. मराठीत तो होण्याचे कारण नाही. आपल्याकडे ‘मुक्त’ वेगळे आणि ‘फुकट’ वेगळे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली ती मुक्ततेसाठी. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला, आणि ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झाले ते १९९८ पासून. अशा सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे देता येते. ते बहुधा विनामूल्य मिळते, हा त्याचा आनुषंगिक गुण.

आपल्या व्यवसायातील दाखला द्यावयाचा तर ओआरएसचा देता येईल. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्या द्रावणाचे सूत्र कोणाच्या तिजोरीत नव्हते. त्यामुळेच जगभरच्या संशोधकांना ते तपासता आले, त्यातील सोडियम अधिक आहे असे दाखवता आले आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सोडियम ९० वरून ७५ वर आणि एकूण परासरता ३११ वरून २४५ वर आणली. सूत्र खुले असले की ते सुधारता येते, आणि मूळ कारखाना बंद पडला तरी पुडी मिळत राहते.

पुडी मिळत राहण्याचे संगणकातील उदाहरण म्हणजे लिब्रेऑफिस. जर्मनीतील एका कंपनीचे स्टारऑफिस हे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये सन कंपनीने घेतले, २००० मध्ये त्याची संहिता खुली केली, २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनीच विकत घेतली. त्याच वर्षी काही स्वयंसेवक संहिता घेऊन वेगळे झाले आणि लिब्रेऑफिस जन्मले. मालक दोनदा बदलले, पण वापरणाऱ्याची एकही फाइल अडकली नाही. माझ्या कुलूपवाल्या कंपनीची संहिता अशी खुली असती तर! असो.

रोजच्या वापराची कसोटी

तत्त्वे ठीक आहेत. पण ओपीडीत पंधरा मुले रडत असताना तत्त्वे कोण आठवतो? तेथे लागते ती वापरसुलभता. जेकब नील्सन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात तिच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत: शिकायला सोपे असणे, काम जलद होणे, काही दिवसांनी परत आल्यावर आठवणे, चुका कमी होणे व झाल्यास सावरता येणे, आणि वापरताना समाधान वाटणे. यातील चौथी कसोटी वैद्यकात सर्वांत महत्त्वाची, असे माझे मत आहे.

शिकण्याच्या बाबतीत एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. ‘विंडोज सोपे, लिनक्स अवघड’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे तर ‘सवयीचे सोपे, बिनसवयीचे अवघड’ एवढेच म्हणत असतो. आमच्या दवाखान्यात नोंदी ठेवणाऱ्या बेन २००४ पासून आहेत. वर्ड आणि एक्सेलच्या जुन्या मेनूंवर त्यांचा हात बसला होता. ऑफिस २००७ आले आणि मेनूंच्या जागी ती चित्रांची रुंद पट्टी आली, तेव्हा त्या महिनाभर माझ्यावर रुसल्या होत्या. पुढे लिब्रेऑफिस दाखविले तर म्हणाल्या, ‘‘साहेब, हे तर आपलं जुनंच!’’ म्हणजे पैसे देऊन घेतलेली नवी आवृत्ती त्यांना परकी वाटली आणि परके सॉफ्टवेअर ओळखीचे निघाले. २०१२ च्या विंडोज ८ मधून स्टार्टचे बटण नाहीसे झाल्यावर किती जणांची धांदल उडाली हे आपल्याला आठवत असेल. पुढच्याच वर्षी कंपनीला ते परत आणावे लागले. मुक्तस्रोतवाल्यांनीही हाच अपराध केला आहे. उबुंटूने २०११ मध्ये आपला चेहरामोहरा पार बदलला आणि २०१७ मध्ये तो प्रयोग गुंडाळला. वापरणाऱ्याच्या हाताच्या सवयीला किंमत न देणे हा दोन्हीकडचा समान दुर्गुण आहे.

सध्या आमच्या स्वागतकक्षातील संगणकावर लिनक्स मिंट आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे आधीच जाहीर झाले होते आणि आमचा जुना संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, म्हणून २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो बदल केला. मिंटची मांडणी जुन्या विंडोजसारखी असल्यामुळे बेनना फारसे शिकवावे लागले नाही. पण चौथ्या कसोटीवर मी स्वतःच नापास झालो, त्याची हकिकत सांगितली पाहिजे.

नवीन संगणकावर लसीकरणाची यादी मी लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये बनविली. जन्मतारीख भरावी आणि पुढच्या लसींच्या तारखा आपोआप याव्यात, अशी सोय. जानेवारी २०२५ मध्ये एका बाळाच्या घरी बेनचा फोन गेला की गोवर-रुबेलाच्या लसीची वेळ झाली, घेऊन या. आजी बाळाला घेऊन आल्या त्या चिडूनच. ‘‘अहो डॉक्टरसाहेब, पोर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचं, अजून मान धरायला शिकतंय, आणि याला नऊ महिने कसे हो झाले?’’ जन्मतारीख भरली होती ४/११/२०२४. माझा संगणक अमेरिकी इंग्रजीवर ठेवलेला होता. त्याने ती ४ नोव्हेंबर न धरता ११ एप्रिल धरली.

या चुकीतील कावेबाजपणा पाहा. दिवस बारापेक्षा मोठा असेल, समजा २५/११, तर अमेरिकी पद्धतीत पंचविसावा महिना नसल्यामुळे संगणक ती तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे सरकवून ठेवतो आणि पुढचे गणित अडते. तेथे चूक लगेच दिसते. दिवस १२ किंवा त्याहून लहान असेल तर मात्र संगणक आत्मविश्वासाने चुकतो. आम्ही त्या रात्री सर्व नोंदी तपासल्या. आणखी काही बाळांच्या तारखा उलट्या निघाल्या. सुदैवाने कोणाला अवेळी टोचले गेले नव्हते. एक्सेलमध्येही सेटिंग अमेरिकी असेल तर अगदी हेच घडते, म्हणून हा दोष मुक्तस्रोताच्या माथी मारता येणार नाही. सेटिंग ‘इंग्रजी (भारत)’ असे करावे, आणि महिना आकड्यात न लिहिता अक्षरांत दिसेल असा तारखेचा साचा निवडावा. तुमच्याकडे कोणतेही सॉफ्टवेअर असो, आज घरी गेल्यावर एकदा ३/४ अशी तारीख टाकून पाहावी, एवढी विनंती.

याच कॅल्कमध्ये मी पुढे वाढीचे गणितही बसविले. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या वाढ-मानकांची कोष्टके सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. प्रत्येक वयासाठी एल, एम आणि एस अशा तीन संख्या असतात. बाळाच्या वजनाला एमने भागावे, उत्तराचा एल घात काढावा, त्यातून एक वजा करावा आणि एल गुणिले एस या संख्येने भागावे, की झेड-अंक मिळतो. बारा महिन्यांच्या मुलाचे मध्यक वजन सुमारे ९.६ किलो, ७.७ किलोला झेड उणे दोनच्या आसपास येतो. (उणे तीनच्या पलीकडे वजनासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागते, तिचे भान ठेवावे.) जे काम मी पूर्वी पैसे मोजून कुलूपबंद विकत घेतले होते, ते खुल्या कोष्टकांवर एका रविवारी झाले. आलेख पूर्वीइतका देखणा नाही, हे मान्य करतो.

देवनागरीचा प्रश्न

मराठी आणि गुजराती पालकांसाठी सूचनापत्रके काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न फार जवळचा आहे. पूर्वी आपण ठरावीक फाँटमध्ये टंकलेखन करीत असू. त्यात ‘क’ हे अक्षर प्रत्यक्षात ‘क’ नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी बसविलेले ते चित्र असे. ते पत्रक दुसऱ्या संगणकावर उघडले की ‘ताप आल्यास’च्या जागी चिन्हांची रांगोळी. माझी २००५ पूर्वीची सर्व पत्रके अशी रांगोळी होऊन पडली आहेत. १९९१ च्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरी ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडावे लागले. आज युनिकोड दोन्ही प्रकारच्या संगणकांवर उत्तम चालते आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणून तो एकदा शिकण्याचे कष्ट वाया जात नाहीत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला ‘मुक्त’ हा सुबक फाँट तर नावाप्रमाणेच मुक्त आहे.

लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करून घेता येतात. त्यातील काही प्रतिशब्द वाचून हसू येते हे खरे. पण आपल्या वडोदरा संस्थानात १९३१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ सिद्ध झाला, तेव्हा त्यातील शब्दही नवेच होते. रुळण्यासाठी शब्द वापरावे लागतात. (बेननी मात्र दोन दिवसांत मेनू पुन्हा इंग्रजी करून घेतले.)

जेथे घोडे अडते

विकतच्या सॉफ्टवेअरची बाजू बलवान आहे ती बाहेरच्या जगाशी जोडण्यात. आमचा जुना प्रिंटर लिनक्सवर चालविण्यासाठी मी तीन संध्याकाळ घालविल्या आणि शेवटी दुसरा घेतला. विवरणपत्रासाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनसाठी विंडोजचा संगणक राखून ठेवावा लागला, तो आजही आहे. वर्डमध्ये केलेला तक्ता लिब्रेऑफिसमध्ये उघडला की ओळी सरकतात; कॅलिब्री आणि कँब्रियाच्या मापाचे कार्लिटो व कॅलाडिया हे मुक्त फाँट घातल्यावर हा त्रास बराच कमी होतो, पण संपत नाही. आणि संगणक बिघडला की गल्लीतला मुलगा येतो तो विंडोज शिकलेला असतो. वापरसुलभतेचा निम्मा भाग सॉफ्टवेअरमध्ये नसून शेजारपाजारी असतो, असे म्हटले तरी चालेल. जर्मनीतील म्युनिक शहराने सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळण्याचे ठरविले. उलट केरळच्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअर दीर्घकाळ रुजले, कारण तेथे आधी शिक्षक शिकविले गेले.

याउलट अनुभव एमआरआयच्या सीडीचा. सीडीवरचा पाहण्याचा प्रोग्रॅम बहुधा फक्त विंडोजवर उघडतो, त्यामुळे प्रथम वाटले की लिनक्सवर काही जमणार नाही. पण आतील प्रतिमा डायकॉम या जगन्मान्य खुल्या स्वरूपात असतात, आणि वीसिस नावाच्या मुक्तस्रोत प्रोग्रॅमने त्या सरळ उघडल्या. आणखी पंधरा वर्षांनीही उघडतील, कारण कुलूप नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील जवळपास एक तृतीयांश ट्रस्टांचे कामकाज विस्कळीत केले. त्यावरचा उतारा कंपनीने मार्चमध्येच दिला होता. संगणकांना तो दिला गेला नव्हता. मुक्त संहितेतही ‘हार्टब्लीड’ हा दोष दोन वर्षे कोणाच्या लक्षात न येता राहिला आणि २०१४ मध्ये उघड झाला. तेव्हा संहिता उघडी आहे म्हणजे कोणीतरी वाचीत असेलच, हा भाबडेपणा आहे. वेळेवर डोस घेणे दोन्हीकडे आवश्यक.

आता एक नाजूक गोष्ट. २००० च्या दशकात आपल्यापैकी किती जणांनी विंडोज आणि ऑफिस खरोखर विकत घेतले होते? संगणक जोडून देणारा ‘सगळं टाकून देतो’ म्हणे आणि आपण मान डोलवीत असू. मीही त्यातलाच. म्हणून आपली ‘मुक्त विरुद्ध विकत’ ही तुलना कित्येक वर्षे ‘मुक्त विरुद्ध चोरीचे’ अशी होती, आणि चोरीच्या मालाला किंमत नसल्यामुळे तो नेहमीच सोयीचा वाटला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे अशा प्रतीचा जाणूनबुजून वापर हा गुन्हा आहे, हे अनेकांना ठाऊकही नसते. बिल न देता घेतलेल्या औषधाचे गुणदोष आपण ज्या तटस्थपणे सांगू, त्याच तटस्थपणे आपण सॉफ्टवेअरविषयी बोलत होतो.

आजची माझी व्यवस्था अशी. माझ्या खोलीत विंडोज, रीतसर परवान्याचे. हिशेबनीस, टोकन आणि सही त्यावर. स्वागतकक्षात मिंट आणि लिब्रेऑफिस. दोघांमधून फिरणारी बाळांची माहिती मात्र कोणत्याही प्रोग्रॅमला वाचता येईल अशा साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो. नुसती प्रत काढून ठेवणे पुरेसे नसते, हे मी २०१३ मध्ये शिकलो.

प्रत्येक भेटीत वजन-उंचीचा छापील कागद आईच्या हातात देतो. दहाव्या वर्षी उंची थांबलेली ती मुलगी आता महाविद्यालयात आहे. गेल्या वर्षी परदेशी शिक्षणासाठी लसीकरणाचा दाखला मागायला आली होती. २००४ ते २०१३ मधल्या लसींच्या जागी मला ‘भेटीचे दिवस’ एवढेच देता आले. बाकीचे प्रतिपिंडांची चाचणी करून आणि दोन लसी पुन्हा टोचून भागवावे लागले. जाताना तिने स्वतःची फाइल पेन ड्राइव्हवर मागून घेतली आणि विचारले, ‘‘सर, ही माझ्या लॅपटॉपवर उघडेल ना?’’ मी तिच्यासमोरच दोन्ही संगणकांवर उघडून दाखविली.